सूटखालचा बूट: काळा, कॉफी की टॅन?

सूट शिवायचा म्हटलं की माणूस शिंप्याकडे तीन-चार खेपा घालतो. कापड, अस्तर, बटणं, लॅपलची रुंदी, पँटची मोहरी, सगळ्यावर चर्चा होते आणि घरातलं कुणीतरी मत द्यायला सोबत असतंच. बूट मात्र शेवटच्या संध्याकाळी अर्ध्या तासात उरकले जातात. त्यांचा रंग बहुधा दुकानातला सेल्समन ठरवतो आणि गेली काही वर्षं तो एकच रंग पुढे करतोय: टॅन. निळ्या सूटवर टॅन, करड्यावर टॅन, अगदी काळ्यावरसुद्धा टॅन. रिसेप्शनच्या स्टेजवर रांगेनं उभ्या असलेल्या पुरुषांचा फोटो पाहिला तर नजर चेहऱ्यांच्या आधी पायांवर जाते, त्याचं कारण हेच.

कोणत्या सूटवर कोणता बूट, याचे तक्ते मासिकांत, दुकानांत, फोनवर सगळीकडे मिळतात. ते बहुतेक बरोबरच असतात, तरी पुरेसे नसतात. तक्ता रंगांची नावं सांगतो. निळ्यावर तपकिरी चालतो, असं तो म्हणतो; पण कोणत्या निळ्यावर कोणता तपकिरी, यावर तो गप्प असतो. माझं म्हणणं असं की बुटाच्या बाबतीत रंगापेक्षा गडदपणा मोठा. नेव्ही ब्ल्यू आणि कॉफी ब्राऊन ही नावं एकमेकांपासून लांबची, पण दोन्ही रंग जवळपास सारखेच गडद आहेत. म्हणून पँट आणि बूट यांच्यामध्ये रेघ मारल्यासारखी दिसत नाही, पाय अखंड दिसतो आणि बघणाऱ्याची नजर चेहऱ्याकडे परत येते. त्याच नेव्हीखाली मधासारखा टॅन बूट आला की घोट्यापाशी रंग एकदम तुटतो. उंची कमी भासते आणि पाऊल आहे त्यापेक्षा मोठं दिसतं.

हे दुकानातच तपासता येतं. शिंप्याकडून पँटच्या कापडाचा उरलेला तुकडा मागून घ्यायचा. तो कुणीही देतो. बूट हातात घेऊन दुकानाच्या दारापर्यंत यायचं, कारण आतल्या पिवळ्या दिव्यांखाली प्रत्येक तपकिरी रंग उबदार आणि देखणाच वाटतो. तुकडा बुटाच्या पुढच्या भागावर अर्धा टाकायचा आणि फोनवर त्याचा कृष्णधवल फोटो काढायचा. कापड आणि कातडं एकमेकांत मिसळून गेलं किंवा बूट किंचित गडद आला, तर जोडी जमली. बूट पांढरट आणि कापड काळपट आलं, तर फरक फार मोठा आहे. सकाळच्या समारंभाला तो फरक खपून जातो. मुलाखतीला, कोर्टात, संध्याकाळच्या लग्नाला खपत नाही.

मग इतकी वर्षं काळा की तपकिरी हाच वाद का चालला? तो वाद रंगाचा कधी नव्हताच, तो जागेचा होता. इंग्लंडात शहरात काळे बूट आणि खेड्यावर, शिकारीला, घोड्यावर तपकिरी, अशी विभागणी होती. तिच्यामागे व्यवहार होता. गावाकडच्या चिखलात आणि ट्वीडच्या जाड कापडाखाली तपकिरी शोभतो, मळही कमी दिसतो. लंडनच्या कचेऱ्यांत गडद सूट आणि चकचकीत काळा बूट. पुढे व्यवहार मागे पडला आणि उरला तो फक्त दंडक. शहरात तपकिरी घालायचा नाही, संध्याकाळी सहानंतर तर मुळीच नाही. 1920च्या दशकात तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे 1936 मध्ये सिंहासन सोडणारे आठवे एडवर्ड, निळ्या सूटवर तपकिरी स्वेडचे, म्हणजे मऊ लव असलेल्या कातड्याचे, बूट घालू लागले तेव्हा भुवया उंचावल्या. राजपुत्राला ते पचलं. कारकुनाला पचलं नसतं.

ही गोष्ट जुनी झाली असं वाटत असेल तर 2016 सालचा एक अहवाल पाहावा. ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशननं लंडनच्या गुंतवणूक बँकांमधल्या भरतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळलं की हुशार पण साध्या घरांतली मुलं मुलाखतीत मागे पडण्याची जी कारणं होती, त्यांत पोशाखाचे न सांगितलेले संकेतही होते. बिझनेस सूटवर तपकिरी बूट घालणं हा त्यांपैकी एक. युरोपातून आलेल्या बँकरला ते माफ होतं, ब्रिटिश मुलाला नव्हतं. ज्या घरात वडील-आजोबा सूट घालत आले त्या घरात हा नियम न शिकवता कळतो. ज्या घरात सूट पहिल्यांदाच आला तिथे तो कळायला मार्गच नसतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही बाब. बुटाच्या रंगावर लिहिणं चैनीचं वाटू शकतं. पण तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईला कॅम्पस इंटरव्ह्यूला येणाऱ्या मुलाला हे नियम कुणीतरी उघडपणे सांगायला हवेत. मग ते पाळायचे की मोडायचे, हे त्याचं त्यानं ठरवावं.

त्या मुलासाठी उत्तर सरळ आहे: काळा. साधा, नाडीचा, पुढे फार तर एक आडवी शिवण असलेला ऑक्सफर्ड. ऑक्सफर्ड म्हणजे ज्याच्या नाड्यांच्या पट्ट्या पुढच्या कातड्याखाली शिवलेल्या असतात आणि बूट समोरून बंद दिसतो तो. पट्ट्या वरून शिवलेल्या आणि मोकळ्या सुटणाऱ्या असतील तर तो डर्बी. डर्बीही चालतो, रुंद पावलाला उलट तोच बरा. काळ्या बुटामुळे मुलाखत हुकली, असं कुठेच घडत नाही. जपानात तर नोकरीच्या हंगामात शिकून बाहेर पडणारी मुलं-मुली सरसकट काळा किंवा गडद सूट, पांढरा शर्ट आणि काळे बूट घालतात. त्या पोशाखाला तिथे रिक्रूट सूट असंच नाव आहे. त्यात व्यक्तिमत्त्व उरत नाही ही टीका खरी आहे, पण कुणाचे बूट कुणापेक्षा महाग हेही त्यात कळत नाही.

इटलीत याच्या बरोबर उलट. मिलान-नेपल्सकडचा माणूस नेव्ही सूटवर काळ्यापेक्षा गडद तपकिरी बूट पसंत करतो. काळा त्याला संध्याकाळचा किंवा अंत्यविधीचा वाटतो. तिथला सूट मऊ खांद्याचा, हलक्या कापडाचा, ऊन भरपूर. काळा बूट त्या उजेडात चपटा दिसतो, तपकिरी कातड्यात मात्र छटा खेळतात. अमेरिकेनं तिसरी वाट काढली ती लालसर बुटाची. शिकागोमध्ये 1905 साली सुरू झालेली हॉर्विन ही टॅनरी घोड्याच्या पुठ्ठ्यावरच्या कातड्यापासून कॉर्डोव्हन बनवते. त्यातला गडद वांगी-लाल रंग 'नंबर 8' म्हणून ओळखला जातो आणि तो निळ्या-करड्या दोन्ही सूटखाली सहज जातो. आपल्याकडचे दुकानदार या जातीच्या रंगाला चेरी म्हणतात. काळा आणि कॉफी यांच्यानंतर तिसरा बूट घ्यायचा तर तो चेरी घ्यावा. टॅनचा नंबर मी चौथा लावेन.

आपल्या डोळ्यांना कोणता रंग औपचारिक वाटतो, हा प्रश्न इंग्लंड-इटलीकडे बघून सुटत नाही. मराठी घरातल्या मुलाच्या पायात पहिला बूट येतो तो शाळेचा, काळा. त्यामुळे काळ्याशी शिस्त जोडली जाते आणि कित्येकांच्या मनात थोडा कंटाळाही. पण तपकिरी बूट आपल्याकडे खेड्याचा किंवा सुट्टीचा कधीच नव्हता. तो पोलिसांचा आहे. खाकी गणवेशाखालचे कडक पॉलिश केलेले लालसर तपकिरी बूट हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात अधिकाराचं चिन्ह आहे. शहरात तपकिरी नको हा इंग्रजी दंडक इथे रुजला नाही याचं नवल वाटायला नको; इंग्रजांच्याच राज्यात खाकीखाली तपकिरी बूट आला आणि त्याचा दरारा बसला.

आणि महाराष्ट्रात सर्वांत जास्त वेळा पाहिला गेलेला सूट कोणता, तर बाबासाहेबांचा. चौकाचौकांतल्या रंगवलेल्या पुतळ्यांत आणि घराघरांतल्या तसबिरींत निळा सूट, पांढरा शर्ट, लाल टाय आणि जिथे पाय दिसतात तिथे बहुतेक वेळा काळे बूट. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला ग्रेज इनमध्ये शिकलेल्या बॅरिस्टरच्या पायात शहरी दंडकाप्रमाणे काळा बूट असणं स्वाभाविक होतं. पण या राज्यात त्या बुटाला आणखी एक अर्थ आहे. ज्या जातींनी मेलेलं जनावर ओढलं, कातडं कमावलं, दुसऱ्यांचे जोडे शिवले, त्यांतल्या कित्येकांना गावात वरच्या जातींसमोर पायात काही घालून जाण्याची मुभा नव्हती. निळ्या सूटखालचा चकचकीत काळा बूट त्या मनाईला दिलेलं उत्तर आहे. निळ्यावर काळा निस्तेज दिसतो, असं फॅशनचे सल्लागार म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. गडद निळ्याखाली नीट पॉलिश केलेला काळा बूट भारदस्त दिसतो आणि त्याची सवय आपल्या डोळ्यांना लहानपणापासून आहे.

आता एकेक सूट. नेव्हीबद्दल बरंच बोलून झालं: दिवसा कॉफी, संध्याकाळी किंवा औपचारिक बैठकीला काळा, हौसेला चेरी. निळा जितका उजळ तितका तपकिरीही उजळ घेता येतो. आकाशीकडे झुकणाऱ्या निळ्या सूटवर, भर दुपारी, मध्यम टॅन खरंच छान दिसतो. टॅनवर माझा राग नाही, तो गडद सूटखाली सरसकट दिला जातो त्यावर आहे.

चारकोल म्हणजे कोळशासारखा करडा. तो काळा किंवा चेरी मागतो. कॉफीही चालवतात, पण चारकोलचा थंडपणा आणि कॉफीचा पिवळटपणा नेहमी जमतोच असं नाही; इथे तुकडा उजेडात धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मध्यम करड्या सूटइतका मोकळा सूट दुसरा नाही, त्याखाली काळ्यापासून मध्यम तपकिरीपर्यंत सगळं जातं. ज्याला एकाच सूटवर नोकरी, साखरपुडा आणि मित्राचं लग्न निभावायचं आहे त्यानं हाच रंग शिवावा, असं मी आग्रहानं सांगतो. फिकट करडा, बिस्किटी, क्रीम हे दिवसाचे सूट. त्यांच्याखाली काळा बूट जड होतो. मध्यम तपकिरी, टॅन, कोरडा ऋतू असेल तर स्वेड. तपकिरी सूटखाली त्याहून एक-दोन छटा गडद तपकिरी, काळा नको. बॉटल ग्रीनखाली कॉफी.

काळ्या सूटबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही, तरी सर्वांत जास्त चूक तिथेच होते. काळ्या सूटखाली काळाच. कॉफी त्याच्याशेजारी मळकट दिसतो आणि टॅन परका. टक्सिडो असेल तर पेटंट लेदरचा काळा बूट किंवा आरशासारखा पॉलिश केलेला साधा काळा ऑक्सफर्ड, बस्स. कोर्टात काळा कोट आणि पांढरे बँड यांच्याखाली वकिलानं दुसरा रंग घालू नये. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाचा सूट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. चर्चमधला विधी, रिसेप्शन आणि दुःखाचा प्रसंग या तिन्हींना एकच काळा जोड पुरतो, म्हणून तो चांगल्यापैकी घेतात आणि जपतात. महाराष्ट्रातल्या हिंदू लग्नांत सूट येतो तो रिसेप्शनला, विधी सोवळ्यात किंवा शेरवानीत उरकल्यावर. तिथे हल्ली वाइन, मरून, मोरपंखी असे रंग दिसतात आणि ते संध्याकाळच्या दिव्यांसाठी निवडलेले असतात. या रंगांशी बुटानं स्पर्धा करू नये, काळा घालावा. वाइन सूटखाली चेरी घालण्याचा मोह होतो, पण दोन लाल अगदी एक आले नाहीत तर दोन्ही बिघडतात.

बुटाचा घाट रंगाला वर-खाली करतो. भोकाभोकांची नक्षी असलेला ब्रोग मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडच्या खेड्यांतला. तो काळ्यात थोडा गोंधळल्यासारखा दिसतो आणि तपकिरीत खुलतो. बकलवाला मंक, लोफर हेही तपकिरीत जास्त रमतात. उलट साधा ऑक्सफर्ड काळ्यातच सर्वांत सुंदर, तिथे आकाराशिवाय बघण्यासारखं दुसरं काही उरत नाही. जाड रबरी तळाचा, पुढून चौकोनी किंवा टोकदार बूट कोणत्याच रंगात सूटखाली शोभत नाही. पुढचा भाग हलका गोल असावा.

पट्टा आणि बूट एका रंगाचे असावेत हा नियम साधा आहे आणि पाळण्यासारखा आहे. छटा तंतोतंत जुळायची गरज नाही. काळ्याला काळा, तपकिरीला तपकिरी. मोज्यांचा रंग पँटशी जुळवायचा, बुटाशी नाही, आणि ते पोटरीपर्यंत हवेत, म्हणजे बसल्यावर कातडी उघडी पडत नाही.

पावसाळ्याचा विचार परदेशी तक्त्यांत नसतो. जूनपासून कोकणात, मुंबईत, पश्चिम घाटाच्या कडेनं टॅन आणि स्वेड कपाटातच ठेवावेत. फिकट कातड्यावर पाण्याचे डाग नकाशासारखे उमटतात आणि सुकल्यावरही जात नाहीत. काळ्यावर ते झाकले जातात, कॉफीवर बरेचसे झाकले जातात. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत. बंद खोक्यात ठेवले की बुरशी आलीच. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळ असलेला जोड वर्षानुवर्षं न वापरता दमट कपाटात पडला तर पहिल्याच समारंभात तळाचे तुकडे पडतात; दमट हवेनं ते रसायन फुटतं. म्हणून खास प्रसंगाचे बूटसुद्धा अधूनमधून घालावेत.

कातडं कसं आहे यावर रंग किती टिकणार हे ठरतं. क्रोमनं कमावलेलं कातडं कमावून होतं तेव्हा निळसर असतं, त्याचा काळा किंवा तपकिरी रंग नंतर चढवलेला असतो. हिरडा, बाभळीची साल अशा वनस्पतींनी कमावलेलं कातडं मुळातच बदामी येतं आणि ऊन, तेल, वापर यांनी गडद होत जातं. कोल्हापुरी चपलेचा रंग वर्षभरात कसा पिकतो हे आपल्याला माहीत आहे. सूटखालचा स्वस्त बूट बहुधा तिसऱ्याच प्रकारचा असतो: वरचा थर घासून त्यावर प्लास्टिकसारखा लेप दिलेला. तो दुकानात खूप चमकतो, पण पावलाच्या घडीवर काही महिन्यांत भेगा पडतात आणि पॉलिश आत जात नाही. बोटानं दाबून पाहावं. चांगल्या कातड्यावर बारीक, नाजूक सुरकुत्या उमटून जातात. लेप दिलेल्यावर काहीच उमटत नाही किंवा जाड घडी पडते. मुंबईत कुर्ला-चेंबूरकडच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत बूट बनवणारे कारखाने आहेत; तिथल्या कारागिराला आपण कातडं ओळखतो एवढं जाणवलं की तो माल वेगळा दाखवतो.

घरात आधीच टॅनचा जोड असेल तर तो टाकायचं कारण नाही. कातडं रंग पिणारं असेल तर चांगला मोची तो गडद करून देतो. आधी ओल्या फडक्यानं आणि क्लीनरनं जुनं मेण काढतो, कारण मेणाखाली रंग शिरत नाही. मग मधल्या तपकिरी क्रीमचा पातळ हात सगळीकडे, सुकू देऊन दुसरा हात, आणि टाचेला व पुढच्या टोकाला त्याहून गडद. ब्रश आडवा चालवतो, उभा नाही, म्हणजे पट्टे दिसत नाहीत. शेवटी टोकावर मेणपॉलिश आणि पाण्याचे थेंब घेऊन कापड गोल फिरवतो. टोक जवळजवळ कॉफी होतं, मधला भाग उजळ राहतो. एका बैठकीत मध टॅनचा कॉफी होत नाही, पण आठवड्याच्या अंतरानं तीन-चार वेळा केलं की जोड नेव्हीखाली घालण्याजोगा होतो. पॅरिसच्या बर्लुती या घराण्यानं बुटावर हातानं छटा चढवण्याची जी कला नावारूपाला आणली तिचं तंत्रही मुळात याच जातीचं. उलट दिशेनं हे जमत नाही. कॉफीचा टॅन घरच्या किंवा फुटपाथवरच्या साधनांनी होत नाही. दुकानात कॉफीच्याच दोन छटांमध्ये मन अडकलं आणि कातडं अस्सल असेल, तर त्यातली उजळ घ्यावी आणि पहिल्या दिवसापासून गडद क्रीम लावत जावं.